राजांगणाची दुरुस्ती: आधी पाण्याची वाट, मग नक्षी

गोव्यातल्या जुन्या मोठ्या घराचा आतला चौक (राजांगण) दुरुस्तीला काढायचं ठरलं की घरात पहिली चर्चा रंगाची होते, दुसरी फरशीची. खांबाचा पाय कुजलाय का, पागोळ्यांचं पाणी कुठे जातं, हे विषय गवंडी कामाला लागल्यावर निघतात, आणि तोवर अर्धे पैसे गिलाव्यात गेलेले असतात. कमानीवरची वेलबुट्टी झडते, कॉर्निस (भिंतीच्या माथ्याचा पुढे आलेला कंगोरेदार पट्टा) सुटतं, खांबाच्या माथ्याचे कंगोरे बुजतात, तेव्हा जवळजवळ नेहमीच पाणी कुठून तरी शिरत असतं: वरून कौलांतून, खालून जमिनीतून, नाहीतर मागच्या न्हाणीघरातून. ते तसंच ठेवून केलेली नक्षी दोन पावसाळ्यांत पुन्हा खाली येते. म्हणून खालचा सगळा क्रम पाण्याच्या वाटेने लावला आहे.

चौक आधी ओळखा

फोंडा, पेडणे, डिचोलीकडच्या हिंदू घरांत राजांगण घराच्या मधोमध असतं: चारही बाजूंनी सोपे, आतल्या बाजूला उतरणारी कौलं आणि मध्ये तुळशी वृंदावन. सासष्टी-बार्देशातल्या ख्रिस्ती भाटकारांच्या (जमीनदारांच्या) घरांत रस्त्याकडे बाल्कांव (दारापुढचा बसायचा व्हरांडा) आणि मोठं साल (दिवाणखाना), आणि चौक मागे, जेवणघर आणि स्वयंपाकघराच्या बाजूला. खांब, कमानी, शिंपल्याच्या आकाराचे कोनाडे, कंगोरेदार पट्टे दोन्हीकडे सापडतात, पण पाणी सांभाळायची रीत एकच. काम काढण्याआधी चांदरचं मिनेझिस ब्रागांझांचं घर आणि केप्याचा १७८७ सालचा पालासियु दु देआंव निवांत पाहून या. पर्वरीजवळ तोर्ड्याला गोव्याच्या घरांवरचं संग्रहालय आहे; तिथे खिडक्या, खांब, कौलं, फरश्या एकाच जागी बघता येतात. गवंड्याला सोबत नेलंत तर अर्धी समजावणी वाचते.

आपल्या घराचं छप्पर किती जुनं, याचा एक ढोबळ अंदाज कौलांवरून लागतो. मंगळुरी चपटी कौलं बासेल मिशनने मंगळूरला १८६५ साली कारखाना काढल्यानंतरची. घर त्याआधीचं असेल तर मूळ छप्पर गोल नळ्यांचं होतं आणि कधीतरी बदललं गेलं. अशा घरात रिपांची (कौलांखालच्या लाकडी पट्ट्यांची) खिळेभोकं दोन-दोन रांगांत दिसतात आणि उतार नव्या कौलांना कमी पडलेला असतो. पावसाळ्यात वाऱ्याच्या जोराने पाणी आत येत असेल, तर कौल फुटलंय असं लगेच धरू नका. आधी उतार मोजा. मंगळुरी कौलांना २५ ते ३५ अंश हवेत. त्याहून कमी असेल तर कौल कितीही चांगलं असो, गळणारच.

मोजमापाला एक दिवस द्या. चौकाचा आराखडा १:५० प्रमाणात काढा. चारही कोपऱ्यांच्या आणि गटाराच्या तोंडाच्या पातळ्या पाण्याच्या पारदर्शक नळीने घ्या आणि त्या भिंतीवर पेन्सिलीने लिहा. सोप्याच्या जोत्यापासून चौक किती खाली आहे, तेही मोजा. जुन्या घरांत हा फरक बहुधा फूट-दीड फुटाचा असतो. फरशीवर फरशी चढवत गेल्याने तो वीतभर उरलेला असेल तर भिंत ओली का, याचं उत्तर तिथेच मिळालं.

वेळ कधीची धरायची

चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी घर रंगवायची आपल्याकडे रीत आहे, आणि चौकाच्या भिंतींना याहून वाईट मुहूर्त शोधून सापडणार नाही. ऑगस्टमध्ये चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत पाणी पिऊन तुडुंब असते. तिच्यावर प्लास्टिक रंग मारला की ओल आत कोंडते आणि दिवाळीपर्यंत रंगाला फोड येतात. चवथीला चौक झाडून, धुऊन, तोरण बांधून साजरा करा. चुन्याचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, कौलांचं आणि छपराच्या लाकडाचं मार्च-एप्रिल, निचऱ्याची चाचणी मेमध्ये. एका वर्षात सगळं बसत नसेल तर आधी छप्पर आणि निचरा घ्या, भिंती एक उन्हाळा उघड्या सुकू द्या आणि नक्षी पुढच्या हिवाळ्यात. गवंडी याला कुरकुरतील. जाड भिंत एका बाजूने साधारण महिन्याला एक इंच सुकते, असा जुना ठोकताळा आहे. दोन फुटांची भिंत दोन्ही बाजूंनी उघडी असली तरी वर्ष जातं.

पाण्याचा हिशेब

समजा चौक ६ × ६ मीटरचा आहे आणि चारही बाजूंची छपरं ४-४ मीटर आत उतरतात. म्हणजे पाणी गोळा करणारं क्षेत्र १४ × १४, एकूण १९६ चौरस मीटर. गोव्याच्या किनारपट्टीवर वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण आपल्याला भीती वर्षाच्या आकड्याची नाही, एका तासाच्या सरीची आहे. तासाला १०० मिलिमीटरची सर आली तर या चौकात तासाभरात जवळपास २० हजार लिटर पाणी येतं, सेकंदाला साडेपाच लिटर. ११० मिलिमीटरचा पाइप १:१०० उतारावर पूर्ण भरून वाहिला तर हे जेमतेम नेतो, आणि तोंडाशी चार आंब्याची पानं अडकली की संपलं. म्हणून नवा पाइप टाकायचाच असेल तर १६० मिलिमीटरचा टाका. उतार १:१०० पेक्षा कमी नको.

बहुतेक जुन्या घरांत सोप्याखालून बाहेर जाणारं चिऱ्यांचं झाकलेलं गटार आधीपासून असतंच. ते सापडत नाही म्हणून नवा पाइप टाकतात आणि जुनं तोंड सिमेंटने बुजवतात. ही चूक महागात पडते. जुनं गटार बाहेरच्या बाजूने बुजलेलं नसतं, त्यामुळे त्यात पाणी कुठून ना कुठून येतच राहतं आणि थेट पायाखाली मुरतं. आधी ते शोधा: चौकातल्या सर्वात खालच्या कोपऱ्यात बादल्यांनी पाणी ओता आणि घराच्या उताराकडच्या बाजूला, माडांच्या मुळाशी, कुंपणाच्या चिऱ्यांत ओल कुठे येते ते बघा. सापडलं की लवचीक बांबूच्या काठीने, नाहीतर प्लंबरच्या स्प्रिंगने साफ करा. माडाची आणि पिंपळाची मुळं आत शिरलेली असतील तर कापून काढा. ओढू नका, सांधे सुटतात.

पाइप असो की जुनं गटार, तोंडाआधी माती बसायला ४५ × ४५ × ४५ सेंटिमीटरचा खड्डा हवा. पाइप खड्ड्याच्या तळापासून २० सेंटिमीटर वर निघाला पाहिजे, म्हणजे गाळ खाली राहतो. वर बिडाची जाळी, हाताने उचलता येईल अशी. सिमेंटने पक्की बसवलेली जाळी दोन पावसाळे टिकते, तिसऱ्या पावसाळ्यात चौकाचं तळं होतं. जून ते ऑगस्ट खड्डा दर आठवड्याला रिकामा करायचा.

आता पागोळ्या. जुन्या चौकांना आतल्या बाजूने पन्हळ नसते. पाणी थेट कौलाच्या टोकावरून खाली चिऱ्यांच्या पाटात पडतं. हे मुद्दाम केलेलं आहे. पीव्हीसीची पन्हळ लावली की चिंचेची, आंब्याची पानं तिच्यात अडकतात, पाणी मागे सरकून कौलाखाली शिरतं आणि वाशांची टोकं कुजतात. पन्हळ न लावता पाट नीट करा: २५-३० सेंटिमीटर रुंद, १०-१२ खोल, चिऱ्यात किंवा काळ्या दगडात. कौलाचं टोक जोत्याच्या कडेपलीकडे किमान वीतभर, शक्यतो फूटभर पुढे असावं. शिडीवर चढून शेवटच्या कौलावर बादलीभर पाणी ओता आणि धार कुठे पडते ते बघा. पाटाच्या मध्यावर पडली तर ठीक. कडेवर पडली तर शिंतोडे गुडघ्याइतके उडतात आणि तेवढ्याच उंचीवर गिलावा फुगलेला सापडतो. पाटात नदीचे गोटे पसरले तर शिंतोडे निम्म्याने कमी होतात.

चौकाच्या चार आतल्या कोपऱ्यांत दोन छपरांचे उतार मिळतात, तिथली पन्हळ मात्र टाळता येत नाही. घरातली सगळ्यात गळकी जागा हीच. पत्रा दोन्ही बाजूंना मिळून किमान ६० सेंटिमीटर रुंद हवा, कौलं त्यावर दोन्हीकडून १० सेंटिमीटर तरी आली पाहिजेत आणि मध्ये हात जाईल इतकी उघडी फट राहिली पाहिजे. कौलांच्या कडा सिमेंटने लिंपू नका. सिमेंट पत्र्यापासून सुटतं, फटीत पाणी ओढलं जातं आणि खालचं कोपऱ्याचं लाकूड जातं, तेही वर काहीच न दिसता.

चौकावर पॉलिकार्बोनेटचं छप्पर घालायचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. गरम हवा चौकातून वर निघून जाते म्हणून आतल्या खोल्या वाहत्या राहतात. वरून झाकलं की दुपारी भट्टी आणि पावसाळ्यात बुरशी. माकडं किंवा चोरांची काळजी असेल तर वळचणीच्या पातळीला गॅल्व्हनाइज केलेली जाळी घाला. पश्चिमेचा झोड पाऊस सोप्यात येत असेल तर त्या बाजूला झापांचा (माडाच्या विणलेल्या झावळ्यांचा) आडोसा बांधा आणि दसऱ्याला सोडा, पूर्वीसारखा.

छप्पर आणि खांब एकाच वेळी

कौलं परतायला काढली की त्याच आठवड्यात खांबांचं काम धरा, कारण वरचा भार तेव्हाच सर्वात कमी असतो. मंगळुरी कौल एक साधारण अडीच किलोचं आणि चौरस मीटरला पंधराच्या आसपास लागतात. चारही छपरांवर मिळून सहज पाच-सहा टन वजन निघतं. काढलेली कौलं बोटाच्या पेराने वाजवून निवडा: खणखणीत आवाज आला तर ठेवा, बद्द वाजलं तर बाजूला. नवी आणि जुनी एकाच उतारावर मिसळू नका, खाचा जुळत नाहीत. सगळी जुनी चांगली कौलं चौकाच्या बाजूला लावा, नवी बाहेरच्या उतारावर. रिपांमधलं अंतर पुस्तकातून घेऊ नका. हातातली दहा-बारा कौलं जमिनीवर जुळवून मोजा. बहुधा ३० ते ३२ सेंटिमीटरच्या मध्ये येतं.

लाकडी खांब दगडी तळखड्यावर उभा असतो तो पायाला हवा लागावी म्हणून. सोप्याची फरशी दोनदा वर आली की तळखडा जमिनीत जातो, खांबाचा पाय फरशीच्या खाली येतो आणि तिथे वाळवीला ओल आणि अंधार दोन्ही मिळतं. बाहेरून रंग शाबूत, आत पीठ. स्क्रूड्रायव्हर पायाशी चारही बाजूंनी दाबून बघा. अर्ध्या इंचाहून जास्त सहज शिरला तर तो भाग गेला.

पूर्ण खांब बदलायची गरज क्वचितच पडते. कुजलेला पाय कापून त्याच जातीच्या, सुकलेल्या लाकडाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडायचा. सांध्याची लांबी खांबाच्या जाडीच्या अडीच ते तीनपट हवी. १५ सेंटिमीटरच्या खांबाला साधारण ४५. सागवानाला सागवान, फणसाला फणस. ओलं लाकूड लावलं तर वर्षभरात आकसून सांधा उघडतो. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्या. खाऱ्या हवेत साधं लोखंड फुगतं आणि सांधाच फोडतं. काम करताना तुळईला दोन्ही बाजूंनी स्क्रूचे टेकू द्या आणि दोन-तीन मिलिमीटरच उचला. त्याहून जास्त उचललंत तर समोरच्या कमानीला तडा जातो. एका बाजूचे दोन शेजारचे खांब एकाच वेळी कधीही सोडवू नका. दुमजली घर असेल किंवा तुळई वाकलेली दिसत असेल तर इथे सुताराबरोबर स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतोच. हा खर्च वाचवण्याजोगा नाही. सोप्याची फरशी खांबाभोवती तळखड्याच्या खाली उतरवा आणि भोवती बोटभर मोकळी जागा ठेवा.

सिमेंट काढणं आणि चुना बनवणं

खाणीतून काढलेला चिरा आधी मऊ असतो, हवा लागली की वरची कातडी कडक होते. तो भोकाभोकांचा आहे, पाणी पितो आणि सोडतो. चुन्याचा गिलावा ते पाणी बाहेर जाऊ देतो. सिमेंटचा देत नाही. मग क्षार गिलाव्याच्या मागे जमतात, त्यांचे खडे वाढतात आणि एक दिवस गिलावा चिऱ्याची कातडी घेऊन सुटतो. म्हणून चौकात सिमेंट आधी मारलेलं असेल तर काढायचंय, पण घाईने नाही. आधी ३० × ३० सेंटिमीटरचा एक तुकडा लहान छिन्नीने काढून बघा. पोकळ वाजणारं सिमेंट सहज निघतं. घट्ट बसलेलं दगड घेऊन येत असेल तर तो भाग तूर्त ठेवा, सुटल्यावर काढा. ब्रेकर मशीन चौकाच्या दारातून आत येऊ देऊ नका. उघड्या भिंतीवर पांढरे क्षार आले की कोरड्या ब्रशने झाडून बाहेर टाका. पाण्याने धुतलेत तर परत आत जातात.

चुनकळी (भाजलेल्या चुन्याचे खडे) विरवताना नेहमी पाण्यात चुना टाकायचा. चुन्यावर पाणी ओतलं तर उसळून अंगावर येतं. चुनकळीच्या साधारण तिप्पट आकारमानाचं पाणी लोखंडी टाकीत घ्या, खडे थोडे थोडे सोडा आणि लांब दांड्याच्या फावड्याने ढवळा. पाणी उकळी फुटेपर्यंत तापतं, प्लास्टिकचा ड्रम वितळतो. डोळ्यांवर चष्मा आणि जवळ स्वच्छ पाण्याची बादली ही सक्तीची गोष्ट समजा. थंड झाल्यावर बारीक जाळीतून गाळा, वर दोन बोटं पाणी ठेवून झाका. किमान महिनाभर, नक्षीकामासाठी तीन महिने मुरू द्या. नीट मुरलेला चुना करणीवर लोण्यासारखा बसतो आणि करणी उलटी केली तरी लगेच पडत नाही.

रंगाच्या दुकानातली पोत्यातली चुन्याची भुकटी घ्यायचीच वेळ आली तर चिमूटभर व्हिनेगरमध्ये टाका. जोरात फसफसली तर ती हवेने आधीच मेलेली आहे, पकड देणार नाही.

वाळू नदीची, टोकदार कणांची. खाडीतोंडाची वाळू कितीही स्वस्त मिळाली तरी नको, तिचं मीठ भिंतीत जातं. बाटलीत वाळू आणि पाणी हलवून ठेवा. तासाभराने वरचा चिखलाचा थर वाळूच्या उंचीच्या बाराव्या हिश्शाहून जास्त असेल तर धुवून घ्या.

प्रमाणं आकारमानाने: दर्जा (दगडांमधले सांधे) भरायला आणि साध्या गिलाव्याला १ चुना, ३ वाळू. जोत्याजवळ, पाटात, वृंदावनाला, म्हणजे जिथे पाणी लागतं तिथे १ चुना, १ सुरखी (विटेची भुकटी), २ वाळू. सुरखी कमी भाजलेल्या लाल विटेची, पिठासारखी बारीक हवी. खूप भाजलेल्या कडक विटेची भुकटी चुन्याशी नीट जुळत नाही, ती नुसती लाल वाळू ठरते. १० चौरस मीटरला २० मिलिमीटर गिलावा करायचा तर, नासधूस धरून, पाव घनमीटर वाळू आणि ८० लिटरच्या आसपास मुरलेला चुना लागतो. दर्जा भरताना जुना मसाला सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट, किमान इंचभर खोल काढा, भिंत आदल्या संध्याकाळी आणि कामाआधी भिजवा. कोरडा चिरा चुन्यातलं पाणी क्षणात ओढून घेतो आणि मसाला भुगा होतो. चुना वाया गेला असं गवंडी म्हणतात तेव्हा दहातल्या नऊ वेळा भिंत कोरडी होती, किंवा उन्हात काम केलं होतं.

कंगोरे आणि नक्षी

इथे वेळ जातो आणि जायला हवा. तुटलेलं कॉर्निस हाताने थापून कधीच सरळ येत नाही. साचा ओढावा लागतो. चांगल्या उरलेल्या भागावर एका जागी बारीक करवतीने आडवा काप घ्या, त्यात जाड पुठ्ठा सरकवून पेन्सिलीने आकार उतरवा. भिंतीजवळचा आकार घेताना रंगाचे थर धरू नका. शंभर वर्षांच्या सफेदीने कंगोरा अर्धा इंच जाड झालेला असतो. आकार एक मिलिमीटरच्या जस्ताच्या पत्र्यावर घ्या, कापा, कानशीने कडा गुळगुळीत करा आणि पत्रा लाकडी फळीवर ठोका. भिंतीवर वर-खाली दोन सरळ पट्ट्या पाणसळीत बसवा. साचा त्यांच्यावरून घसरतो.

भर घालताना विटांचे, जुन्या कौलांचे तुकडे चुन्यात बसवून आतला गाभा करा. प्रत्येक थर १० ते १२ मिलिमीटरपेक्षा जाड नको. पुढचा थर कधी द्यायचा ते अंगठ्याने ठरतं: नखाचा ओरखडा उमटतो पण बोट आत जात नाही, तेव्हा. गाभ्याच्या वेळी साच्याच्या कडेला ५ मिलिमीटरची पट्टी वाढवून ठेवा आणि शेवटच्या थराला ती काढा, म्हणजे त्यावर बारीक थराला जागा उरते. शेवटचा थर १ चुना, १ संगमरवराची बारीक भुकटी. साचा एकाच दिशेने, दमाने, मागे न नेता ओढायचा. प्रत्येक फेरीनंतर पत्रा पुसायचा. कोपऱ्यात साचा पोहोचत नाही, तिथलं हाताने, लहान करणीने. कॉर्निसची वरची बाजू बाहेर उतरती ठेवा आणि खालच्या बाजूला कडेजवळ बोटभर खाच काढा. पाणी तिथून सुटून टपकतं, भिंतीवर चढत नाही. जुन्या कामात ही खाच असतेच, दुरुस्तीत बुजवली जाते. मग आठवडा-दहा दिवस ओलं गोणपाट समोर टांगून ठेवा, भिंतीला चिकटवू नका.

खांबाच्या माथ्यावरची पानं, कोनाड्यावरचा शिंपला यांवर बहुधा चुन्याचे आठ-दहा थर असतात. ओल्या फडक्याने मऊ करून बोथट हत्याराने एक-एक थर काढा. आम्ल नको. आम्लाने सफेदी जाते तशी खालची नक्षीही जाते. हरवलेला तुकडा शेजारच्या चांगल्या तुकड्यावरून मऊ मातीचा छाप घेऊन पाडता येतो. प्लास्टर ऑफ पॅरिस फक्त आत, छपराखाली, जिथे थेंबही येत नाही अशा जागी. फॉल्स सीलिंग करणारे कारागीर चौकातसुद्धा तेच वापरतात, कारण अर्ध्या तासात हातावेगळं होतं. पावसात जिप्सम विरघळतं. उघड्यावरच्या नक्षीला चुना आणि सुरखीच.

अझुलेजो आणि शिंपल्यांच्या खिडक्या

पणजीला मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात निळ्या अझुलेजोंच्या (पोर्तुगीज पद्धतीच्या चकाकीदार रंगीत फरश्यांच्या) भिंती आहेत. कामाची तऱ्हा तिथे जवळून दिसते. घराच्या चौकात जुन्या फरश्या असतील तर त्या साधारण १४ सेंटिमीटर चौरस असतात. बोटाने वाजवून पोकळ असलेल्यांवर आराखड्यात खूण करा. पोकळ पण जागेवर असलेली फरशी काढू नका. कडेच्या सांध्यातून पातळ चुना आत सोडा. काढावीच लागली तर आधी फोटो, आराखड्यावर नंबर आणि तोच नंबर मागे पेन्सिलीने. चकाकी सुटत असेल तर समोरून मलमलचा तुकडा पिठाच्या खळीने चिकटवून मगच हात लावा. सिमेंटात परत बसवलेली फरशी पुढच्या वेळी तुकड्यांतच निघेल.

शिंपल्यांच्या (काचेऐवजी पातळ शिंपले लावलेल्या) खिडक्यांतले पापुद्रे लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवलेले असतात, खिळलेले नसतात. मऊ कोरड्या ब्रशने झाडायचं, बस. या शिंपल्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. झुआरी नदीतून गोळा करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. पडलेल्या घरांच्या जुन्या खिडक्यांतले वापरा, नाहीतर ती चौकट धुरकट काचेची राहू द्या.

रंग आणि फरसबंदी

पूर्वी पांढरा रंग चर्चसाठी राखलेला आणि घरं रंगीत, असं सांगतात. रंग चुन्यातच द्यायचा: मुरलेला चुना पाण्यात दुधाइतका पातळ, गाळून, चार ते पाच हात. पातळ हात जास्त चांगले; जाड दिला की पापुद्रे येतात. गेरू, पिवडी, नीळ हे रंग चुन्याच्या वजनाच्या दहाव्या भागापर्यंतच, वर गेलात तर हाताला लागतात. ओला रंग दिसतो त्याहून सुकल्यावर बराच फिका होतो. म्हणून फळीवर तीन हात देऊन दोन दिवस थांबा आणि मग ठरवा. अख्ख्या चौकाला पुरेल इतका रंग एकाच वेळी कालवा, दुसऱ्यांदा तीच छटा येत नाही.

फरशी सगळ्यात शेवटी. चिऱ्याची फरसबंदी असेल तर तीच ठेवा, सैल झालेले चिरे काढून वाळूच्या थरावर पुन्हा बसवा, उतार १:६० ते १:८० गटाराकडे, सांधे चुना-सुरखीने. खाली काँक्रीट घालू नका. ते घातलं की चौकाची जमीन पाणी प्यायचं थांबवते आणि ओल भिंतींकडे वळते. चकचकीत ग्रॅनाइट पावसाळ्यात घसरतं आणि दुपारी डोळे दिपवतं, एवढंच त्याबद्दल. शेवाळ एप्रिलमध्ये कोरडं झाल्यावर नायलॉनच्या ब्रशने खरवडा. प्रेशर पंप सांध्यांतला चुना उडवतो, आम्ल चिऱ्याला खातं.

वृंदावनाच्या कुंडीला तळाशी भोक आहे ना, ते बघा, आणि त्यातून निघणारं पाणी पाटात जातं की आत मुरतं तेही. भोक बुजलं की वृंदावनाच्या कोनाड्यांतले रंग दरवर्षी सुटतात आणि दोष रंगाऱ्याला मिळतो. माती काढून खापराची मोठी कुंडी आत बसवली तर भिंतीला पाणी लागत नाही.

घर पणजीच्या फोंताइन्हांशसारख्या संवर्धन क्षेत्रात असेल तर काम काढण्याआधी नगर व ग्राम नियोजन खात्यात चौकशी करा. खिडकी, छपराचा उतार, बाहेरचा रंग बदलायला परवानगी लागू शकते. गवंड्याशी करार करताना दिवसावारी ठरवा, चौरस फुटावर नको. चौरस फुटाचा दर ठरला की चुन्याचे थर सुकायची वाट कोणी बघत नाही.

पहिल्या पावसात, मृगाच्या पहिल्या दोन-तीन जोरदार सरींत, चौकात छत्री घेऊन उभे राहा. चारही कोपऱ्यांच्या पन्हळींखाली भिंत बघा, पागोळ्यांची धार पाटात पडते का बघा, सर थांबल्यावर चौक किती वेळात रिकामा होतो ते घड्याळावर बघा. वर दिलेल्या मापाच्या चौकाला पाच मिनिटं पुरे. जिथे ओल दिसेल तिथे तिच्या कडेने पेन्सिलीची रेघ आणि तारीख. ऑगस्टअखेर रेघ वर सरकली असेल तर त्या भिंतीला नोव्हेंबरात नवा गिलावा देऊ नका, आधी मागची न्हाणी आणि कोपऱ्याचा पत्रा उघडा.